जुन्या लष्करी गाड्यांचा शनिवार-रविवारचा कॅम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी संध्याकाळी एका मोकळ्या मैदानावर जमायचं, गाड्या लावायच्या, तंबू ठोकायचे, दोन रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि रविवारी दुपारी परत निघायचं, असा हा कॅम्प असतो. पहिल्यांदा येणारे मालक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ब्रेक, इंधन आणि विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र) यांच्याबद्दलची उत्तरं लांबलेली दिसतील, पण तीच आधी वाचा.

प्रदर्शन आणि कॅम्प यात फरक काय?

प्रदर्शनात गाडी धुऊनपुसून दोरीपलीकडे उभी असते. कॅम्पवर तिचं बॉनेट उघडं असतं आणि चार जण आत डोकावत असतात. या गाड्यांची मॅन्युअल्स आजही मिळतात, पण कार्बोरेटर नेमका कुठे चोंदला आहे हे आवाजावरून ओळखणं किंवा सिंक्रोमेश (गिअर सहज जुळवून देणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्समध्ये आवाज न होता खालचा गिअर टाकणं या गोष्टी शेजारी बसूनच शिकाव्या लागतात. नव्या गाडीला कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं. ऐंशी वर्षांच्या गाडीला अशी माणसंच असतात. म्हणून आमच्या मते कॅम्पमधला सर्वांत मोलाचा वेळ शनिवारी सकाळचा, जेव्हा कोणाची तरी गाडी सुरू होत नाही आणि सगळे तिच्याभोवती जमतात.

अशा मेळाव्यांची परंपरा बरीच जुनी आहे. अमेरिकेतली 'मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन' १९७६ साली स्थापन झाली. नॉर्मंडीत दरवर्षी जूनमध्ये, ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य तिथे उतरलं त्याच्या आठवणीसाठी, देशोदेशीचे मालक गाड्या घेऊन येतात आणि किनाऱ्याजवळच तंबू टाकून राहतात.

कोणत्या गाड्या चालतात?

मूळ लष्करासाठी बनलेली किंवा लष्करात वापरली गेलेली कोणतीही जुनी गाडी. दोनचाकी असो वा दहाचाकी.

सर्वांत जास्त दिसते ती अर्थातच जीप. बँटम कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकन सैन्याच्या हवाली केला. पुढे मोठं उत्पादन विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. जीएमसीचा अडीच टनी सहाचाकी ड्राइव्हचा सीसीकेडब्ल्यू ट्रक पाच लाखांच्या वर बनला, म्हणून तोही अजून बऱ्यापैकी टिकून आहे. डॉजचे पाऊण टनी, कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोले ट्रक, बेडफर्ड, युनिमॉग, हेलिकॉप्टरने उचलता यावी म्हणून अंगावरचे पत्रे झटपट उतरवता येणारी हलकी लँड रोव्हर, भारतीय सैन्यातली जोंगा आणि शक्तिमान ट्रक: सगळ्यांचं स्वागत आहे. फोक्सवॅगनची क्यूबेलवागन आली तर ती आवर्जून बघा. मागे हवेवर थंड होणारं छोटं इंजिन, फक्त मागच्या दोन चाकांना जोर, आणि तरीही वजन इतकं कमी की वाळूतून निघून जाते. फेरेट चिलखती गाडीही बघण्यासारखी. तिला पाच गिअर पुढे आणि तेच पाच मागे, कारण शत्रू दिसला की वळण्यात वेळ न घालवता त्याच वेगाने मागे सरकता यावं.

नव्या गाडीला हिरवा रंग मारून आणलीत तर तिला बाहेरच्या वाहनतळावर जागा मिळेल. मैदानातली जागा जुन्या गाड्यांसाठी राखलेली असते.

माझी गाडी अर्धवट दुरुस्त झालेली आहे. लाज वाटते.

तशीच आणा. गंज चढलेली, एका बाजूला प्रायमर आणि दुसऱ्या बाजूला जुना रंग अशी गाडी मैदानात असली की तिच्याभोवती गर्दी जास्त होते, कारण तिच्यात अजून करायचं काम शिल्लक असतं. चालत नसेल तर ट्रेलरवर आणा.

माझ्या जीपमध्ये विलीजचे आणि फोर्डचे भाग मिसळलेले आहेत. ती 'अस्सल' मानतात का?

सैन्याच्या वर्कशॉपमध्येच हे भाग मिसळले गेले. दोन्ही कंपन्यांच्या जीपचे भाग एकमेकांना बसायला हवेत, हीच सैन्याची अट होती. फोर्डला आपले भाग वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांनी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा 'एफ' अक्षर उठवलं. ते शोधत गाडीखाली तासभर पडून राहणारे लोक कॅम्पवर भेटतील आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण प्रत्येक बोल्ट मूळचाच हवा असा आग्रह धरून दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवणं आम्हाला आवडत नाही. दुरुस्त्यांच्या खुणा हाही त्या गाडीच्या सेवेचाच भाग आहे. फक्त एक करा: नव्याने बनवलेली डेटा प्लेट (गाडीच्या माहितीची धातूची पाटी) लावली असेल तर विचारणाऱ्याला तसं सांगा. चॅसी नंबर बदलणं किंवा खोटा नंबर ठोकणं मात्र सरळ फसवणूक आहे. अशा गाडीला आम्ही आत घेत नाही.

माझ्याकडे गाडी नाही. येऊ का?

जरूर या. हात काळे करायची तयारी असेल तर कोणीही शेजारी बसवून घेईल.

निघण्याआधी काय तपासायचं?

ब्रेक सर्वांत आधी. यातल्या बहुतेक गाड्यांना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट असतं. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. हल्लीच्या गाडीसारखे निम्मे ब्रेक शिल्लक राहत नाहीत. म्हणून प्रत्येक रबरी नळी हाताने वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहा. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात, तेव्हा गाडी वर्षभर हलली नसेल तर ऑइल बदलूनच निघा. मग मोकळ्या जागी कमी वेगात तीन-चारदा जोरात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा.

हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. जीप आणि अनेक ट्रकमध्ये तो चाकांवर लागत नाही, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढे निघते. चाकांखाली ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही.

टायरचं वय बघा, नुसते खाचे बघू नका. या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी रबर कडक होतं. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर ते टायर लांबच्या रस्त्यासाठी वापरू नका. लष्करी नक्षीचे जुन्या पद्धतीचे टायर ओल्या डांबरावर फार घसरतात, हेही ध्यानात असू द्या.

रिमबद्दल वेगळं सांगायला हवं. जीपच्या काही चाकांचं रिम दोन तुकड्यांचं असतं आणि ते तुकडे नटांनी जोडलेले असतात. चाक हबला धरून ठेवणारे नट वेगळे आणि रिमचे तुकडे जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सैल केले तर रिम बंदुकीच्या गोळीच्या जोराने फुटतं. त्यात माणसं दगावली आहेत. हे नट लाल रंगाने रंगवून ठेवा, म्हणजे मदतीला आलेला अनोळखी माणूसही चुकणार नाही. लॉक-रिंगच्या (टायर सुट्या कड्याने अडकवलेल्या) ट्रक-चाकांत हवा भरताना चाक सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवा किंवा लांब नळी लावून बाजूला उभे राहा. आणि जीपच्या डाव्या चाकांचे नट सुटत नाहीत म्हणून पान्यावर उभं राहण्याआधी आठवा की त्यांचे आटे उलटे असतात.

इंधनाच्या नळ्या राहिल्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला खातं. पंपाचा डायफ्राम मऊ पडतो आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते किंवा पेट्रोल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये, उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नका. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि डायफ्राम घालून घ्या आणि एक संच जवळ ठेवा.

चालवत यावं की ट्रेलरवर आणावं?

जमत असेल तर चालवत या. गाडी चालवण्यासाठीच बनली आहे आणि उभी राहून ती जास्त खराब होते. वेगाबद्दल मात्र स्वतःची समजूत घालून निघा. जीपच्या डॅशबोर्डवरच्या पाटीवर वरच्या गिअरसाठी ताशी ६५ मैल लिहिलं आहे, पण साठ अश्वशक्तीचं ते इंजिन आणि ते ड्रम ब्रेक ताशी ६०-७० किलोमीटरला खूश असतात. मोठा ट्रक त्याहूनही कमी. भरधाव महामार्ग टाळा आणि बाजूचे रस्ते धरा. कडक डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचा ड्राइव्ह सोडवलेला असू द्या. तो लागलेला राहिला तर वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो आणि शेवटी काहीतरी तुटतं.

एम १५१ (जीपनंतरची अमेरिकन सैन्याची छोटी गाडी) चालवणाऱ्यांनी वळणावर विशेष जपावं. तिच्या सुरुवातीच्या मॉडेल्सचं मागचं सस्पेन्शन असं आहे की वेगात वळताना चाक आत मुडपतं आणि गाडी उलटते. अमेरिकन सैन्याने याच कारणाने निवृत्त गाड्या अखंड विकणं बंद करून त्या कापून टाकल्या होत्या. पुढे सस्पेन्शन सुधारलं, तरी ओल्या वळणावर जपूनच.

उशीर झाला तर चिंता करू नका. १९१९ साली अमेरिकन सैन्याचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तो ७ जुलैला निघून ६ सप्टेंबरला पोचला. वाटेत पूल मोडले, ट्रक चिखलात रुतले. त्या ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण अधिकारी होता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर देशभर महामार्ग बांधताना त्याला ते रस्ते आठवत होते.

शनिवारी ताफा निघतो तेव्हा काय नियम असतात?

सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे. शेवटची गाडी दुरुस्तीची: तिच्यात हत्यारं, टोचनाचा दांडा आणि अनुभवी मेकॅनिक. पुढच्या वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कोणी चुकत नाही. मध्ये घुसून ओव्हरटेक करायचं नाही.

अंतर राखणं हाच खरा नियम. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' या वाहतुकीने आघाडीला इंधन आणि दारूगोळा पुरवला. त्या ट्रकांना, ज्यांत बहुतेक सीसीकेडब्ल्यूच होते, ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर, अंतर ठेवण्याचा आणि ताशी २५ मैलांच्या आत राहण्याचा हुकूम होता. त्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. दिवसरात्र, थकलेल्या गाड्या घेऊन, त्यांनी हे काम केलं. सीसीकेडब्ल्यू घेऊन येणाऱ्याने हा इतिहास बघायला आलेल्यांना सांगावाच असं आम्हाला वाटतं.

रात्रीच्या ताफ्यासाठी या गाड्यांच्या मागे जे बारीक फटींचे दिवे असतात, त्यांची युक्ती मुलांना दाखवा. मागच्या चालकाला चार ठिपके वेगळे दिसले तर तो फार जवळ आहे, दोन दिसले तर अंतर बरोबर, एकच ठिपका दिसला तर तो मागे पडला आहे. दोन ठिपक्यांचं अंतर साधारण ६० ते १८० फूट. मैदानाच्या अंधाऱ्या कडेला पायी मागे मागे जात हा प्रयोग करता येतो. सार्वजनिक रस्त्यावर मात्र पूर्ण दिवे लावूनच चालवायचं.

इंधन बरोबर आणू का? कुठे ठेवायचं?

आणा, पण धातूच्या जेरीकॅनमधून (इंधनाच्या चपट्या डब्यातून) आणि तेही तंबूपासून लांब, नेमून दिलेल्या जागी सावलीत ठेवा.

जुना जर्मन पद्धतीचा जेरीकॅन हातात घेऊन बघा, कारण तो इतक्या विचाराने बनवलेली वस्तू आहे. वर एक नाही, तीन आडव्या मुठी आहेत. भरलेला कॅन एकटा माणूस मधल्या मुठीने उचलतो, दोघांना उचलायचा असेल तर प्रत्येकी बाहेरची एकेक मूठ, आणि रिकामे असतील तर एकाच हातात दोन कॅन, शेजारच्या मुठी एकत्र धरून. दोन अर्ध्या कवच्यांचा वेल्ड आत दबलेला, म्हणून तो आपटून फाटत नाही. झाकण तरफेने दाबून बंद होतं, पाना लागत नाही. तोंडाजवळ हवेची पोकळी राहते, त्यामुळे २० लिटर भरलेला कॅनसुद्धा पाण्यात तरंगतो. ब्रिटिशांचे त्या काळचे पातळ पत्र्याचे डबे उत्तर आफ्रिकेत इतके गळत की सैनिक हाती लागलेले जर्मन कॅन जपून वापरत, आणि मग त्यांचीच नक्कल झाली.

भरताना कॅन जमिनीवर ठेवा. ट्रकच्या फळीवर किंवा ताडपत्रीवर ठेवून भरला तर स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते. जीपची टाकी चालकाच्या सीटखाली असते आणि सीटची गादी उचलूनच पेट्रोल ओतावं लागतं. म्हणजे इंजिन बंद, बॅटरीचा स्विच असेल तर तोही बंद, गाडीत कोणीही बसलेलं नाही, आणि आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही. गरम इंजिन असताना थोडं थांबा. पाण्याचे कॅन वेगळे रंगवा आणि कधीही आलटूनपालटून वापरू नका.

अग्निशामक लागतो का? गाडीत मूळचा पितळी आहे.

प्रत्येक गाडीत चालू स्थितीतला, तारीख न उलटलेला, पेट्रोलच्या आगीसाठी योग्य असा अग्निशामक सक्तीचा आहे. मोठ्या गाडीला दोन.

मूळचा पितळी पंप असलेला अग्निशामक शोभेसाठी ठेवा, पण रिकामा करून. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. ते स्वतः विषारी आहे आणि तापलेल्या धातूवर पडलं की त्यातून फॉस्जीन वायू तयार होतो, तोच जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. हलवून बघताना आत द्रव असल्यासारखं वाटलं तर तो उघडू नका. घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे द्या.

तंबू कसला आणावा? लष्करीच हवा का?

सक्ती नाही, पण गाड्यांच्या रांगेत जुन्या पद्धतीचा तंबू असला तर छान दिसतं, आणि रंगीत नायलॉनचे तंबू मागच्या रांगेत लावायची विनंती आम्ही करतो.

अमेरिकन सैनिकाजवळ तंबूचा अर्धाच भाग असायचा. दोघांनी आपापले भाग बटणांनी जोडले की एक छोटी राहुटी तयार होते. जर्मन सैनिकाजवळचा त्रिकोणी कापडाचा तुकडा पावसात अंगावर घ्यायचा आणि चौघांचे चार जोडले की तंबू व्हायचा. दोन्ही प्रकार उभे करून बघण्यात मजा आहे, पण उंच माणसाने त्यात आरामाची अपेक्षा धरू नये.

सुती कॅनव्हास पहिल्यांदा वापरत असाल तर येण्याआधी तो पाण्याने चिंब भिजवून वाळवा. धागे फुगतात आणि बारीक छिद्रं बुजतात. पावसात आतून कापडाला हात किंवा सामान टेकवू नका, टेकलं तिथून पाणी झिरपायला लागतं. सुतळी-तागाचे तणावे भिजले की आखडतात, म्हणून झोपण्याआधी ते थोडे सैल करा. नाहीतर मध्यरात्री मेखा उपटून येतात. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, अंधारात माणसं अडखळत नाहीत.

गाडीला तंबू टेकवून लावू नका. शेजाऱ्याची गाडी सकाळी निघणार कुठून, हे आधी बघा.

तंबूत स्टोव्ह किंवा हीटर चालेल का?

नाही. थंडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. बंद टपाच्या ट्रकमध्ये झोपून इंजिन चालू ठेवणंही तितकंच घातक आहे. शेकोटी फक्त नेमून दिलेल्या ठिकाणी.

सेल्फ फिरत नाही. जंप मिळेल का?

जंप म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून सुरू करणं. आधी व्होल्टेज सांगा. युद्धकाळातली साधी जीप सहा व्होल्टची, युद्धानंतरच्या बहुतेक अमेरिकन लष्करी गाड्या २४ व्होल्टच्या, आणि कोणी मधल्या काळात १२ व्होल्टचं वायरिंग करून घेतलेलं असतं. २४ व्होल्टच्या गाडीवरून सहा व्होल्टच्या जीपला केबल लावली तर बल्ब, गेज, कॉइल सगळं जळेल आणि बॅटरी फुटूही शकते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या धातूला जोडलेलं असतं, तेही विचारून घ्या. गाडीच्या बॅटरीच्या झाकणावर व्होल्टेज आणि अर्थ रंगाने लिहून ठेवलंत तर रात्री मदत करणाऱ्याचे उपकार होतील.

सहा व्होल्टची गाडी सुस्त फिरते अशी तक्रार नेहमी असते. बहुतेक वेळा बॅटरी चांगली असते आणि केबल बारीक असते. व्होल्टेज निम्मं म्हणजे त्याच कामाला करंट दुप्पट. १२ व्होल्टच्या गाडीची केबल इथे पुरत नाही. जाड केबल टाका, अर्थची जागा घासून उघडा धातू काढा, फरक लगेच जाणवेल.

गाडी चिखलात अडकली तर?

विंच लावायची घाई करू नका. आधी फावडं घ्या, चाकांपुढची माती काढा, टायरची हवा थोडी कमी करा. डीयूकेडब्ल्यू या पाण्यातून चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता यायची, कारण मऊ वाळूत तोच फरक पडतो.

विंच लागलाच तर मैदानावर एकच माणूस हुकूम देतो. बाकी सगळे तारेच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर. ताणलेली तार कोणीही ओलांडत नाही. तारेच्या मध्यावर जड ताडपत्री टाका, तुटली तर ती उसळी थोपवते. हातात चामडी मोजे घाला आणि तार मोज्यांतून सरकवत नेऊ नका, तुटका धागा मोज्यासकट हात ओढून नेतो. इंजिनवर चालणाऱ्या जुन्या विंचमध्ये एक शिअर पिन असते. जास्त भार आला की ती पिन तुटावी, तार तुटू नये, एवढंच तिचं काम. ती वारंवार तुटते म्हणून तिथे कडक बोल्ट घालणाऱ्याची गाडी आम्ही विंचच्या कामाला लावू देत नाही.

ट्रॅकच्या गाड्या आणता येतात?

ट्रॅकच्या, म्हणजे चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या आधी विचारून, आणि ट्रेलरवरच. जागेवर गर्रकन वळलं की गवताचा थर मुळासकट निघतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वाट असते आणि वळण मोठं घ्यायचं असतं. ब्रिटिशांचा युनिव्हर्सल कॅरियर (ट्रॅकवरची छोटी चिलखती गाडी) आला तर त्याचं वळणं बघा: हलक्या वळणाला तो ट्रॅकच वाकवतो आणि मोठ्या वळणालाच एका बाजूला ब्रेक लावतो. ट्रॅकची गाडी हलताना पुढे आणि मागे एकेक पायी माणूस हवा. आत बसलेल्या चालकाला जवळचं काहीच दिसत नाही.

गणवेश घालून आलं तर चालतं का? खुणा कोणत्या रंगवाव्यात?

जुना गणवेश नीटनेटका आणि मान राखून घातलेला असेल तर चालतो. स्वतः न मिळवलेली पदकं लावू नका. जर्मनीसह काही देशांत नात्सी स्वस्तिक जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा आहे. आमच्या कॅम्पवर ते तंबूवर, झेंड्यावर किंवा बाहीवर नको.

रुग्णवाहिका असणाऱ्यांसाठी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस ही सजावटीची खूण नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी तिला संरक्षण दिलं आहे आणि त्यानुसार अनेक देशांच्या कायद्यांत तिचा परवानगीशिवाय वापर गुन्हा ठरतो. रणांगणात ती खूण बघून गोळीबार थांबावा म्हणून हे बंधन आहे. डॉजची जुनी रुग्णवाहिका रंगवण्याआधी आपल्या देशाचा नियम बघा. परवानगी नसेल तर रस्त्यावर क्रॉस झाका.

शस्त्रं, दारूगोळा?

खरी शस्त्रं नकोत, निकामी केलेली असतील तर कागद बरोबर हवेत, आणि प्रतिकृती गाडीला घट्ट बांधलेली हवी. धुराचे गोळे, फटाके, जिवंत काडतुसं अजिबात नकोत. जुन्या गाडीच्या पेटीत किंवा सीटखाली ओळखू न येणारी धातूची वस्तू सापडली तर हात लावू नका, लोकांना दूर करा आणि पोलिसांना कळवा.

जुने गेज उघडून साफ करू का?

करू नका. जुन्या लष्करी गेज, घड्याळं आणि होकायंत्रांच्या आकड्यांना अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग दिलेला असू शकतो. आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं नाही. चमकणारं रसायन थकतं, रेडियम मात्र १,६०० वर्षांत निम्मा होतो. काच बंद आहे तोवर ठीक. उघडून खरवडलं की धूळ नाकातोंडात जाते. तसंच ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रम कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, ओल्या कापडाने पुसा. जुना रंग घासताना त्यात शिसं असणार हे धरूनच चाला.

मुलं, कुत्री?

दोन्ही चालतात. मुलांना चालत्या गाडीत मागच्या फळीवर उभं करायचं नाही, आणि कुत्रा पट्ट्यात.

माजी सैनिक बघायला येतात तेव्हा काय करावं?

गाडीत बसायला सांगा. शक्य असेल तर चालकाच्या जागेवर. आपण जे मॅन्युअलमध्ये वाचलं ते त्यांनी हाताने केलेलं असतं, त्यामुळे त्यांची चूक काढायला जाऊ नका. काही जणांना बोलायचं असतं, काहींना नुसतं बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं असतं. फोटो विचारूनच काढा.

रात्री गाडीची काळजी कशी घ्यायची? अनेकांना किल्लीच नसते.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर (आतला फिरणारा भाग, ज्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही) काढा आणि खिशात ठेवा. सैन्यातही चालक हेच करत. सुटे कॅन, पेट्या, फावडी साखळीने बांधा. रात्री दहानंतर इंजिन आणि जनरेटर बंद.

सुटे भाग विकता येतात का?

हो, शनिवारी. भागावर काय आहे, कोणत्या गाडीचा आहे, जुना न वापरलेला आहे की नव्याने बनवलेला, हे चिठ्ठीवर लिहा. ब्रेकची जुनी रबरं कागदात गुंडाळलेली, न वापरलेली असली तरी विकू नका. ती पेटीतच कडक झालेली असतात.

पाऊस आला तर कॅम्प रद्द होतो?

नाही. मैदानात पाणी साचण्याचा धोका असेल तरच. ओल्या मैदानात जड ट्रक मात्र कडेच्या पक्क्या भागावरच लावतो.

रविवारी निघताना काय करायचं?

इंजिन आणि गिअरबॉक्सखालचा तेलाचा ट्रे आधी काढा. गळती या गाड्यांना असतेच, म्हणून तो सगळ्यांना सक्तीचा आहे. सांडलेल्या तेलाची माती पिशवीत भरून संयोजकांकडे द्या. मेखांची भोकं बुजवा. चाकांचे नट, पाणी, तेल, ब्रेक ऑइल पुन्हा बघा, कारण शनिवारच्या कच्च्या रस्त्याने काहीतरी सैल झालेलं असतं. रोटर खिशातून काढून परत बसवा. कॅनव्हास ओला असेल तर तसाच गुंडाळून ट्रकमध्ये विसरू नका; त्याच दिवशी पसरून वाळवा, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते मग निघत नाहीत.